न उमटलेलं उत्तर

देश सोडून इथे यिशुनला राहायला आल्यापासून मी घरीच होते. मुलगी सेकंडरीत गेल्यावर पुन्हा अर्ज करायला लागले, आणि बऱ्याच नकारांनंतर एका कंपनीने ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. पुण्यात मी प्रोग्रामिंगच करत होते, त्यामुळे फारशी भीती वाटत नव्हती.

शाळेला सुट्टी होती. मुलीला आतल्या खोलीत बसवून मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मुलाखत घेणारी बाई माझ्याहून लहान असावी. तिने एक छोटा प्रोग्राम लिहायला सांगितला; माझी स्क्रीन तिला दिसत होती. लिहून झाल्यावर मी डीबगर लावला, म्हणजे एकेक ओळ थांबत थांबत चालवून आत काय होतंय ते दाखवता येतं. उत्तर छापणारी ओळ आली आणि गेली. खाली काहीच उमटलं नाही.

मी प्रोग्राम तिथेच बंद केला, पुन्हा पहिल्यापासून चालवला. तेच. चूक माझीच असणार असं धरून मी चांगल्या लिहिलेल्या ओळी बदलत सुटले. सावकाश होऊ द्या, असं ती म्हणाली. तिलाच विचारावं असं वाटलं, पण धीर झाला नाही. शेवटी वेळ संपल्याचं सांगून तिने आभार मानले आणि कॉल बंद झाला.

मग मी आधीचा कोड परत आणला आणि डीबगर न लावता चालवला. सगळी उत्तरं धडाधड खाली आली. छापायचा मजकूर प्रोग्राम लगेच पडद्यावर टाकत नाही, साठवून एकदम टाकतो. मी मध्येच बंद करत होते, म्हणून तो आतच राहत होता. एके काळी हे मला चांगलं माहीत होतं.

मुलगी बाहेर आली, माझ्याकडे बघून इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली, "इट्स ओके लाह, आई."

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बँकेत आहे, त्याला यातलं काही कळत नाही, पण त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"मग त्यांना मेल करून सांग ना, कोड बरोबर होता म्हणून."

"त्यांना जे दिसलं ते दिसलं," मी म्हटलं.

तरी मेल केलीच. दोन-चार दिवसांनी सभ्य नकार आला, सगळ्यांना पाठवतात तसा. माझी मेल कोणी वाचली होती की नाही, ते त्यावरून कळत नव्हतं.