मालकाच्या रकान्यातल्या दोन रेघा

अन्याय झाला तो नाटे गावच्या एका खालेवर; खाला म्हणजे आमच्याकडच्या मुसलमान वस्तीतली मावशी. २००७ साली, नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, बंदरावरच्या खिडकीत. समुद्रात जायची चिठ्ठी मागायला ती रांगेत उभी होती. नवरा वारल्यापासून होडी तीच चालवून घेत होती. चार खलाश्यांच्या चुली त्या होडीवर. खिडकीतल्या कारकुनाने छापील यादीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, "तुमच्या नावावर एकच होडी, ती मोडीत काढलेली. ही दुसरी तुमची नाही."

ती यादी मिरजोळ्याच्या आमच्या ऑफिसातून गेली होती. आणि ती अकारविल्हे लावणारा प्रोग्रॅम माझ्या हातचा. हे आधीच सांगते, म्हणजे मी दुसऱ्यांवर ओरडायला लागले की कोणी मधेच उठून मला विचारायला नको.

झालं असं. मच्छीमारांच्या सोसायटीची हस्तलिखित रजिस्टरं आमच्याकडे संगणकावर चढवायला आली. आपल्याकडे रजिस्टर कसं लिहितात ते तुम्हाला ठाऊक आहे. एकाच मालकाच्या दोन होड्या असल्या, तर दुसऱ्या ओळीत नाव पुन्हा लिहीत नाहीत. आडवी रेघ, मधे दोन उभ्या रेघा. म्हणजे वरीलप्रमाणे. खालेची पहिली होडी मोडीत निघालेली, चालती होडी तिच्या खालच्या ओळीत. टाइप करणाऱ्या मुलींना 'जसं आहे तसं' अशी ताकीद होती. त्यांनी रेघाही जशाच्या तशा चढवल्या.

मग माझं काम. माहिती एक्सएमएलमध्ये होती, म्हणजे प्रत्येक तुकड्याभोवती तो काय आहे हे सांगणारी खूण: हा मालक, ही होडी, हे गाव. एक्सएसएलटी नावाच्या भाषेत मी ती उचलली, होडीच्या नावाप्रमाणे लावली, छापायला दिली. खालेची ओळ उठून भलत्याच ठिकाणी जाऊन बसली, एका मोठ्या मालकाच्या खाली. वरीलप्रमाणे! प्रोग्रॅम अडखळला नाही, कुरकुरला नाही.

अशा सात-आठ ओळी हलल्या होत्या. बाकीच्यांना कारकून चेहऱ्याने ओळखत होता, त्याने जागच्या जागी पेनाने दुरुस्त करून दिलं. खालेला म्हणाला, कागद आणा.

ती कागद शोधत बसली नाही. यादी कुठे छापली ते विचारत, दोन एसट्या बदलून, थेट आमच्या दारात आली. "अगो बाय," ती मला म्हणाली, "माझी होडी त्याला कोणी दिली? तू दिलीस?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिला पाणी देऊन बसवलं आणि मी आत साहेबांकडे गेले. साहेब इथलेच, मुंबईला शिकून परत आलेले.

"ह्या भाषेचं काम माहिती एका साच्यातून दुसऱ्यात वळवायचं," ते म्हणाले. "तपासायचं नाही. तपासणीला वेगळा प्रोग्रॅम असतो गो."

"तो आपण चालवला?"

"वेळ कुठे होता?"

"म्हणून म्हणते, तपासणी भाषेतच पाहिजे. चुकीची ओळ आली की जागीच थांबली पाहिजे."

"नव्या आवृत्तीत आहे ना ती सोय. पण ऐच्छिक. आपण वापरतो त्यात नाही." मग हसले. "आता काय, ह्याच्यावर पण पत्रक काढणार?"

काढणारच होते. बंदरावरच्या संघटनेची पत्रकं मीच लिहायचे, ते त्यांना माहीत होतं. 'ऐच्छिक' हा शब्द मला पत्रकांतूनच ओळखीचा. जिथे जिथे सुरक्षा ऐच्छिक असते, तिथे तिथे ती गरिबाच्या वाट्याला येत नाही. इच्छा साहेबांची, होडी खालेची!

त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य होतं, नाही असं नाही. प्रत्येक बारक्या कामाला नियमांचं ओझं लादलं तर चार ओळींचं काम चाळीस ओळींचं होतं. आणि नियमांची यादी, जिला स्कीमा म्हणतात, ती शेवटी माणसालाच लिहावी लागते. 'मालकाच्या रकान्यात अक्षरंच हवीत, रेघ चालणार नाही' हे मी लिहिलं असतं तरच यंत्राने रेघ अडवली असती. पण भाषेने मला विचारलंच नाही, तुझे नियम कुठे आहेत म्हणून. विचारलं असतं, तर मला रजिस्टर उघडून बघावं लागलं असतं. बघितलं असतं, तर पहिल्याच पानावर दिसलं असतं.

साहेब म्हणाले, "चूक टायपिंगची." टाइप करणाऱ्या मुली ऐकत होत्या. त्यातली एक फटकन बोलली, "जसं आहे तसं म्हणालेलात तुम्हीच!" साहेब फोन घेऊन बाहेर गेले.

दुरुस्त यादी मी त्याच दिवशी छापली. खिडकीने ती मानायला अठरा दिवस घेतले. मोसमाच्या तोंडाचे अठरा दिवस खालेची होडी खाडीत बांधलेली. दोन खलाशी दुसऱ्या होडीवर गेले, ते परत आले नाहीत. चिठ्ठी मिळाली तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी बघून दे गो."

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही कुठल्याही कचेरीत लोकांच्या याद्या एका साच्यातून दुसऱ्या साच्यात ओतत असाल, तर उद्या कामाला हात लावण्याआधी एक चुकीची ओळ मुद्दाम घालून बघा. यंत्र थांबलं नाही, तर ती यादी पाठवू नका. साहेब ओरडले तरी पाठवू नका.