वहिनीच्या मनगटावरची सुतळी

शेंदूरजनाघाटच्या आमच्या बागेतून दर हंगामाला संत्र्यांची पहिली पेटी अकोल्याला, जठारपेठेतल्या माझ्या घरी यायची. वहिनी पाठवायची. "ज्यानं जीव वाचोला त्याची पयली पेटी," असं ती दादाला सांगायची आणि दादा व्यापाऱ्यांना. ती संत्री मी खाल्ली आहेत. मीठ लावून, टीव्हीपुढे बसून. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आंबिया बहाराची फळं भरली की फांद्या मोडायला येतात. मग झाडांना बांबूचे टेकू देतात आणि ते फांदीला सुतळीनं बांधतात. बांबू सातपुड्याकडून ट्रकनं येतो. काही वर्षांमागे असाच ढीग बांधावर पडला होता, मी सुटीला गावी होतो आणि वहिनी त्यातून एकेक बांबू ओढत होती. बांबूच्याच रंगाचा साप त्यावर पसरलेला होता. चापडा. हा पावलं वाजली म्हणून पळत नाही. दिवसभर एका जागी पडून राहतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खळगी असते. तिनं तो उंदराच्या, पाखराच्या अंगाची ऊब अंधारातही हेरतो. वहिनीचा हात त्याच्या तोंडापुढे गेला. करंगळीखाली दोन थेंब रक्त आलं.

चापड्यावर माझा राग नाही. त्यानं त्याचं केलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. साप चावल्यावर घट्ट बांधायचं नसतं, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो, त्या वर्षीही सांगितलं होतं.

"अरे बांध न! मास्तर हायेस का कोन हायेस?" दादा ओरडला. मजूर गोळा झाले. सगळे माझ्या हातांकडे बघत होते. आणि मी बांधलं. टेकूची सुतळी घेतली, मनगटाच्या वर दोन वेढे दिले आणि फांदीला मारतात तशी गाठ मारली. घाबरून नाही. माहीत नव्हतं म्हणून तर मुळीच नाही. शिकलेला माणूस नुसता उभा राहिला तर कसं दिसेल, एवढ्यासाठी.

वरुडच्या वाटेवरचा नाला भरून वाहत होता. गाडी अलीकडे अडकली. हात सुजत गेला, सुतळी मांसात रुतत गेली.

"भाऊजी, सैल करा न थोडी. हात जयून रायला माया."

"थांबा वयनी. सोडलं तं विष चढन."

हे मी म्हणालो. खोटं आहे हे ठाऊक असून. एकदा गाठ मारल्यावर ती सगळ्यांसमोर सोडणं म्हणजे चुकलो म्हणणं, आणि ते माझ्याच्यानं झालं नाही. पाणी उतरायला दुपार झाली. तोवर बोटं काळीनिळी पडली होती.

वरुडहून अमरावतीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "हे कोणी बांधलं?"

"माया भावानं," दादा छाती काढून म्हणाला. "कॉलेजात शिकोते थो."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. काचेच्या नळीत रक्त घेऊन ते गोठतं का बघितलं. गोठलं. दादाच्या मोबाइलमधला सापाचा फोटो पाहिला. नंतर मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, की आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावरची, चापड्यावर तिचा भरवसा नाही. पण याच्या चावण्यानं माणूस सहसा मरत नाही. वेदना होतात, सूज येते. हात हलू न देता दवाखान्यात आणायचं, दुखणं कमी करायचं, रक्तावर लक्ष ठेवायचं. "बोटं विषानं नाही गेली, सर," ते म्हणाले. "तुम्ही तर शिकवता."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कापावं लागलं. उरलेली तीन पुरती मिटत नाहीत. भाकर थापणं त्या दिवशी संपलं.

आणि गावानं माझा सत्कार केला! शाल, नारळ, पेढे. मी वाकून शाल घेतली. वहिनी पुढच्या रांगेत बसली होती, तिनं त्या हातानं टाळ्या वाजवल्या. टाळीचा आवाज होत नव्हता. त्यानंतर मी वर्गात 'बांधू नका' सांगत राहिलो आणि घरी येऊन पेटी फोडत राहिलो. निर्लज्ज माणसाला दुसरं काही जमत नसलं तरी एवढं नेमकं जमतं.

या पावसाळ्यात दादाचा फोन आला. त्याचे हात गुंतलेले असावेत, त्यानं आवाज मोठ्यावर टाकला होता. मागे माणसांचा कालवा ऐकू येत होता.

"बांबू उतरोनाऱ्याले डसला रे. हिरवाच हाय, वयनीवाला. घाबरू नको, आताच बांधलं. तुयावानीच, कच्चून."

"सोड ते! आधी सोड!"

"काहून? तुनंच तं बांधली होती वयनीले. वाचली का नाई?"

"दादा, तिची बोटं सापानं नाही, माझ्या सुतळीनं गेली. मला तेव्हाच माहीत होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं. सोड, नाही तर त्याचाही हात जाईल!"

कालवा थांबला. मग वहिनीचाच आवाज आला, कोरडा. "इया आना."

विळा आला, सुतळी कापली गेली. मी सांगत गेलो आणि पलीकडून फक्त ती 'हं' म्हणत गेली. हात फळीवर ठेवा. हलकं गुंडाळा. चालवू नका त्याला, उचलून गाडीत घाला. वरुडला न्या.

त्याचा हात सुजला आणि उतरला. पाचही बोटं शाबूत आहेत.

मी दुसऱ्या दिवशी गावी गेलो. दादा बागेतून घराकडे आलाच नाही. वहिनीनं पाणी विचारलं नाही. ओट्यावर बसून होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तशी ती कडाडली.

"बोटायचं राहू द्या. गेले ते गेले. म्या साऱ्या गावाले हा हात दाखोला, भाऊजी. म्हनलं, बांधत जा, मी पाहा कशी वाचली. बायाले सांगतलं, मजुरायले सांगतलं. काल थ्या मानसाले बांधलं ते मायं ऐकून बांधलं. तुमी गप रायले आन मले खोटं बोलाले लावलं. थे कोन वापस घेईन?"

मी ओट्याच्या पायरीवर बसलो.

"गप बसाचं तं तुमाले मस्त जमते. उठा."

ती पुढे, मी मागे. पहिलं घर शेजारचं होतं. दारात म्हातारीनं मला ओळखलं, पदर सावरून कौतुकानं म्हणाली, "या बाप्पा, तुमीच न वयनीले वाचोनारे?"

वहिनीनं आपला हात माझ्यापुढे धरला.

"सांगा आता," ती म्हणाली.