आईच्या पाठीवरचा हात

आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा रक्त धुणाऱ्या यंत्राचं नावही आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. वसईचे डॉक्टर म्हणाले, लघवीवाटे जायला हवं ते विष अंगातच साचतंय, खाज त्याचीच आहे, आणि तिला औषध नाही. तेल चोळा म्हणाले आणि गेले. पुरळ नाही, फोड नाही, नुसती खाज. वटारच्या आमच्या घराच्या ओटीवर पडून आई खाटेच्या सुंभाला पाठ घासत राहायची.

चोळायला घरात दोघी होतो, मी आणि माझी वहिनी. आणि आईला हवी असायची वहिनी.

मला याचा किती राग यायचा म्हणून सांगू! पोटची मी. शाळेत शिकवून आले की चहासुद्धा न घेता तिच्यापाशी धावायचे. आमच्याकडे बाळंतिणीला, तान्ह्या पोराला, आजाऱ्याला गार हात लावत नाहीत. मला ते आईनंच शिकवलेलं. म्हणून मी वाटीतलं खोबरेल निखाऱ्यावर ठेवायचे, तळवे शेगडीवर धरून चांगले तापवायचे आणि मगच तिच्या पाठीला लावायचे. आई डोळे मिटून, दात आवळून पडून राहायची. थोड्या वेळानं म्हणायची, "पुरे गो बाय, दमली असशील. जरा सूनबायला पाठव."

सूनबाई यायची ती केळीच्या वाडीला पाणी लावता लावता, अर्धं काम टाकून. शेगडीकडे ढुंकूनही बघायची नाही. पदराला हात पुसले न पुसले की बसली चोळायला. आणि आईचा चेहरा असा सैल पडायचा की माझा नुसता जळफळाट व्हायचा. गास गावाहून काल सून म्हणून आलेली ही, हिनं असं काय केलं होतं? मला वाटलं, तेलातच काहीतरी आहे. वहिनी माहेरून आणायची ती बाटली मी उचलली, तेच तेल तापवून लावलं. थोड्या वेळानं आई म्हणालीच, सूनबायला पाठव. मग मी भावाकडे चहाडी केली, साधे हातसुद्धा शेकत नाही तुझी बायको. तो हसला आणि जेवायला बसला.

पुढे वहिनीला हिवताप आला. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. आता माझ्याशिवाय आईला कोण होतं?

पण वाडीचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. रविवारी सकाळी पाटातला गाळ हातानं सारत होते, तोच आईचं कण्हणं ऐकू आलं. ते इतकं वाईट होतं की शेगडी पेटवायचंही सुचलं नाही. हात कसेबसे खळबळून धावले आणि तशाच गारठलेल्या तळव्यांनी तिची पाठ चोळायला लागले.

आईचं तोंड भिंतीकडे होतं. तिनं मोठा श्वास सोडला.

"आलीस गो सूनबाय? ताप उतरला तुझा?" मग आवाज बारीक करून म्हणाली, "लेकीला सांगू नको हां. ती हात तापवून येते नि माझं अंग पेटतं. पन पोर इतक्या मायेनं करते, कसं सांगू तिला? सोसते मी."

माझे हात थांबले.

"चोळ ना गो."

तोंड उघडलं असतं तर तिनं मला आवाजावरून ओळखलं असतं. म्हणून गप्प राहिले आणि चोळत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला हात रिकामा नव्हता. वहिनीचा इतका हेवा मला आधी कधी वाटला नव्हता. ती आत गोधडीखाली कुडकुडत पडली होती आणि तरीही इथे तीच होती.

आई झोपली. दुखण्याला लागल्यापासून पहिल्यांदा माझ्या हाताखाली झोपली, आणि तेही वहिनीच्या नावावर.