आनेकल ते शिवाजीनगर: लाल कोर्टावर पाणी कुणी घातलं

मागच्या वेळी बजावून सांगितलं होतं की आनेकलहून सकाळच्या बसनं निघालात तर डाव्या बाजूला बसा, उजवीकडं ऊन येतं. विसरलात. तिघांनी मेघनाला कळवलं, आजी, ऊन फार लागलं. तुमचं डोकं म्हणजे चाळणी आहे, आणि चाळणीबद्दल मला कुणी शिकवू नये. मी बावीस वर्षं कोर्टाची माती चाळली आहे. चाळणीत निदान खडे तरी राहतात.

नवीन आलेल्यांसाठी सांगते. मी बोलते आणि माझी नात मेघना लिहिते. मला अक्षर येत नाही. ती मध्ये मध्ये माझं बोलणं नीट करते, ते मला कळतं, पण तिला चहा मी करून देते म्हणून दोघी गप्प बसतो.

या वेळी बघण्यासारखं काही नाही, ते आधीच सांगते. बाग नाही, देऊळ नाही. आम्ही एका बंद पडलेल्या टेनिसच्या स्पर्धेची चौकशी करायला गेलो होतो.

बंगळुरात शिवाजीनगरच्या बाजूला, जुन्या कँटोनमेंटात, एक क्लब आहे. आमचे हे, म्हणजे मेघनाचे आजोबा, निपाणीकडून येऊन तिथं नोकरीला लागले. पगाराच्या कागदावर माळी लिहायचे, पण यांनी एक गुलाब लावला नाही. यांचं काम कोर्टाचं. सहा कोर्टं, सगळी लाल मातीची. माती यायची ती आनेकलच्या तळ्यातली, लॉरीनं. मी चाळायची, हे त्यात मीठ मिसळून पसरायचे, पाणी मारायचे, मग दोन माणसं लावून रूळ फिरवायचा, मग चुन्याच्या रेघा. रोज. टेनिस खेळणारा दोन तास खेळतो, त्याच्याआधी तीन तास कुणीतरी वाकलेलं असतं.

संक्रांतीच्या पुढं आठवडाभर मोठी स्पर्धा असायची. मद्रासचे, हैदराबादचे, पुण्याचे खेळाडू, दोन-चार गोरेसुद्धा. तंबू पडायचे, पोलिसांचा बँड यायचा. शिवाजीनगरचा धोबी त्या आठवड्यात आम्हाला शिव्या घालायचा, कारण पांढरे मोजे लाल होऊन यायचे ते जन्मात पांढरे होत नसत. त्याच्या दगडाखालून लाल पाणी वाहायचं. शेवटच्या दिवशी माझा भाऊ बेळगावहून कुंदा घेऊन यायचा. दूध आटवून आटवून केलेली ती तांबूस मिठाई. सामना संपला, बक्षीस दिलं, की हे कोर्टाच्या कडेला उकिडवे बसून कुंदा खायचे. वर्षाचा एक दिवस. बाकी वर्षभर या माणसाला गोड चालत नसे.

मग एका वर्षी शेवटच्या सामन्यात मद्रासचा मुलगा घसरला. झाडाच्या सावलीकडच्या बाजूला माती ओली होती. गुडघा फिरला, सामना अर्धवट सुटला. पुढच्या वर्षी तंबू पडले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत.

यांनी मनाशी ठरवून टाकलं की आपल्या कोर्टामुळं स्पर्धा बंद पडली. काशीला गेलेला माणूस आवडीची एक गोष्ट तिथं सोडून येतो. हे काशीला गेलेच नाहीत, क्लबाच्या कडेला उभं राहून कुंदा सोडला. म्हणाले, स्पर्धा पुन्हा सुरू होईल त्या दिवशी खाईन. मेघनाचा बाप तेव्हा कॉलेजात होता. आता त्याला चष्म्याशिवाय ताटातलं दिसत नाही.

आता खरं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या दिवशी सकाळी यांना ताप होता. गोधडीत पडल्यापडल्या म्हणाले, स्वल्प पाणी मार, सावलीकडं एक कॅन बस. मला वाटलं शेवटचा दिवस आहे, फोटो निघणार, माती लालभडक दिसू दे. मी पाइप लावला आणि दूध उतू जाईल म्हणून क्लबाच्या आवारातल्या आमच्या खोलीत आले. दूध तापेस्तोवर पाइप चालू राहिला. सामना झाला, मुलगा पडला. मी यांना सांगितलं नाही. पहिल्या दिवशी भीती वाटली. पुढं पुढं इतके दिवस झाले की सांगायला तोंड राहिलं नाही.

दिवाळीपासून हे अंथरुणाला आहेत. वय चौऱ्याऐंशी. खाणं दोन घासांवर आलंय. महिन्याभरापूर्वी मेघनाला म्हणाले, "तुझ्या फोनमध्ये बघ की, स्पर्धा का बंद पडली ते." तिनं बघितलं. फोनला सगळं माहीत असतं, एवढं एक सोडून. रोज तिला फोन लावून विचारायला लागले, मिळालं का, मिळालं का. मग एके दिवशी मला म्हणाले, "तू जाऊन विचारून ये. मी जायच्या आत."

इतकी वर्षं मी गेले नव्हते ते याचसाठी. विचारलं, आणि उत्तर 'होय, कोर्टामुळंच' असं आलं तर? म्हणजे माझ्या दुधामुळं.

मेघनाच्या बापाला यांच्याजवळ बसवून शनिवारी सकाळी निघाले. आनेकलहून बस सुटते ती चंदापूरपर्यंत बरी जाते, पुढं होसूर रस्त्यावर रांगेत उभी राहते. बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवा, विसरू नका, विसरालच. सिल्क बोर्डच्या चौकात आमची बस इतका वेळ थांबली की शेजारच्या बाईचा पावशेर घेवडा सोलून झाला. मी म्हटलं, "अजून थांबली तर फोडणी पण होईल." ती म्हणाली, "अक्का, काल इथंच मी लसूण सोलला."

मेघना कोरमंगलात पीजीमध्ये राहते, सुट्टीला आमच्याकडं येऊन हे लिहिते. एका खोलीत तीन मुली, तीन पलंग, आणि खिडकीतून समोरच्या पीजीतले तीन पलंग. मालकीण म्हणाली, पाहुण्याचे पाचशे रुपये. मी म्हटलं, मी पाहुणी नाही, आजी आहे. ती म्हणाली, आजीचे पण पाचशे. दिले. संध्याकाळी मेघनानं कुठंतरी नेऊन दोनशे रुपयांचा डोसा खायला घातला. त्यात चीज होतं. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

रविवारी सकाळी बसनं शिवाजीनगर. तुम्ही जाणार असाल तर नवाच्या आत पोचा, नंतर बाजाराची गर्दी पायाखालचं दिसू देत नाही. स्टँडसमोर इडली खाल्ली, वीस रुपयांत दोन, चटणी मागाल तितकी. इथं मात्र मला जीव आल्यासारखं वाटलं. कोपऱ्यावर धोब्याचं दुकान होतं ते गेलंय, तिथं मोबाइलची कव्हरं लटकली आहेत.

क्लबाच्या फाटकावर गार्डनं वही पुढं केली. कुणाच्या ओळखीनं आलात, नाव सांगा. मी म्हटलं, इथं कोर्ट करायचे त्यांची बायको. तो म्हणाला, त्यांचं नाव? मी मेघनाला पुढं केलं. साठ वर्षं नाव घेतलं नाही, आता गार्डासमोर घेऊ? मेघनानं लिहिलं. गार्डनं नाव वाचलं आणि त्याला काहीच आठवलं नाही. बरोबर आहे, तो तेव्हा जन्मला नव्हता.

फाटकाच्या आतच यांचा रूळ उभा होता. सोनेरी रंग दिलेला, वर कुंड्या ठेवलेल्या. एक मुलगी त्याला टेकून स्वतःचा फोटो काढत होती. दोन माणसांशिवाय जागचा हलायचा नाही असा रूळ, आता झेंडूची रोपं सांभाळत बसलाय.

पाच कोर्टं निळी झाली आहेत. हात लावून बघितलं, परातीसारखं कडक आणि गरम. सहावं, झाडाखालचं, शेवटच्या सामन्याचं, अजून मातीचं आहे. म्हणजे होतं. त्यावर लग्नाच्या खुर्च्या रचल्या होत्या आणि तीन गाड्या उभ्या होत्या. पुढच्या महिन्यात तिथं दगड बसवणार आहेत, गाड्यांसाठी. मी चप्पल काढून टाच दाबली. माती मेलेली. कुणी पाणी दाखवलं नाही की तिचा असा भुगा होतो. मेघना म्हणाली, "आजी, मूठभर घेऊ या का पिशवीत, आजोबांसाठी?" मी म्हटलं, "नको. घर मला झाडावं लागतं."

ऑफिसात फ्रान्सिस भेटला. तेव्हा तो टायपिंगला होता, पोरसवदा. आता रिटायर होऊनही रोज येतो, कारण घरी सून टीव्ही लावते. आम्ही कन्नडमध्ये बोललो. त्यानं मला ओळखलं. "अक्का, तुम्ही अजून आहात?"

"तुला विचारूनच जाणार होते," मी म्हटलं. "फ्रान्सिस, एक सांग. ती स्पर्धा का बंद पडली?"

त्याला वाटलं मी थट्टा करते. मग माझं तोंड बघून तो उठला, आतल्या कपाटातनं एक दोऱ्यानं बांधलेली फाइल काढली, धूळ फुंकली ती सगळी मेघनाच्या अंगावर. एक पत्र काढून दिलं. स्पर्धेला पैसे देणारी कंपनी होती, तिचं. मेघनानं वाचून सांगितलं. या वर्षीची स्पर्धा शेवटची, पुढं पैसे देणार नाही, आता सगळीकडं कडक कोर्टं होताहेत, मातीवर कुणाला रस नाही.

"पत्र कधीचं?" मी विचारलं.

मेघनानं तारीख बघितली, फोनमध्ये काहीतरी मोजलं. "दसऱ्याच्या आधीचं, आजी. सामना संक्रांतीनंतरचा."

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. दसऱ्याच्या आधी. म्हणजे मुलगा घसरायच्या तीन-चार महिने आधी सगळं ठरलेलं होतं. ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होतं. यांनी दसऱ्यानंतर नवीन माती मागवली होती, लॉरी आली होती, मी आठ दिवस चाळत होते, आणि कुणी म्हटलं नाही की आता कशाला.

"आणि तो मुलगा पडला, त्याचं काय लिहिलंय?"

फ्रान्सिसनं दुसरा कागद काढला. शेवटच्या दिवसाचा अहवाल. मेघनानं वाचला, छोटा होता. सामना अपुरा राहिला, पाहुण्यांना चहा देण्यात आला.

"कोर्टाचं?"

"कोर्टाचं कोण लिहितं अक्का," फ्रान्सिस म्हणाला. वाईट मनानं नाही म्हणाला. खरंच त्याला प्रश्न पडला होता. मग त्यानं आम्हाला चहा मागवला, बिस्किटं मागवली. मी चहा घेतला. 

परत येताना मी डावीकडं बसायचं विसरले. तुम्हाला हसायला मोकळीक आहे. सबंध होसूर रस्ता ऊन अंगावर घेतलं. मला हलकं वाटायला हवं होतं, माझ्या पाइपानं काही झालं नव्हतं. वाटलं नाही.

घरी आले तर हे जागे होते. पाणीसुद्धा न पिता उशाशी बसले आणि सगळं सांगितलं. पत्र, दसरा, लॉरी, चहा. हे छताकडं बघत होते.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," हे म्हणाले.

"होय."

"मातीबद्दल कुणी काही बोललं नाही?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. 'फ्रान्सिस म्हणाला, तुमच्यासारखं कोर्ट पुन्हा झालं नाही', एवढं बोलून मोकळी झाले असते. जिभेवर आलंही होतं. पण एक लपवलेलं साठवून ठेवलं होतंच, त्यावर दुसरं कुठं ठेवू.

"नाही," मी म्हटलं. "काहीच लिहिलेलं नाही. आणि अहो, त्या दिवशी पाणी मी जास्त घातलं होतं."

यांनी छतावरची नजर माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "किती?"

"पाइप लावून ठेवला होता. दूध तापेस्तोवर."

"झाडाकडच्या बाजूला?"

"होय."

"तिथं एक कॅन पुरतो," हे म्हणाले. "सांगितलं होतं तुला." आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी वाट बघितली, रागवतील, काहीतरी बोलतील. संध्याकाळी पेज दिली, ती अर्धी ठेवली. इतकी वर्षं या माणसाला वाटत होतं की आपल्या हातून एवढी मोठी स्पर्धा बुडाली. आता कळलं की ती बुडाली त्यात आपला हातही नव्हता आणि कुणी आपल्या हाताकडं बघतही नव्हतं. यातलं कुठलं जास्त जड, ते मला सांगता येत नाही. मी विचारून आले ते बरं केलं का, तेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसून देत होते, तेव्हा हे म्हणाले, "आता ती काही सुरू होत नाही."

"नाही होत."

"मग कशाला धरून बसायचं. तुझ्या भावाच्या पोराला फोन कर."

तर तुम्ही मेघनाला विचारत असता, आजी-आजोबांना काय पाठवू. चॉकलेट पाठवू नका, मागच्या वेळची मुंग्यांनी खाल्ली. भावाचा मुलगा आता दुबईला असतो, त्याला फोन करून उपयोग नाही. बेळगावकडून कुणी या बाजूला येत असेल तर कुंदा पाठवा. पावशेरच, जास्त नको. वर काजू-बदाम लावलेला नको, यांना चावत नाही. मऊ असेल तो बघा, बोटानं दाबून बघा, दुकानदार रागावला तरी. आणि मी मधली सगळी वर्षं माहेरी गेले की कुंदा खात होते, ते यांच्यासमोर काढू नका. लवकर पाठवा.