नऊ अंडी आणि एक मास्तर

काशीदला थंडी पडत नाही. त्या वर्षी मात्र पडली.

अशी पडली, की सकाळी समुद्रावरून वाफा निघत आणि आमचा मोती कुत्रा अंगण सोडून थेट चुलीपाशी येऊन बसे. मी तेव्हा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. शाळेची कौलं दुरुस्तीसाठी उतरवली होती, त्यामुळे आठवडाभर सुट्टी! बायको, सुमन, माहेरी पालीला निघाली. घरात उरलो मी, मोती, मनी मांजर आणि चुलीशेजारच्या टोपलीत नऊ अंड्यांवर बसलेली सुमनची लाडकी कोंबडी, तांबडी.

"शनिवारी पिल्लं निघतील," सुमननं निघताना बजावलं. "तुम्ही काही करू नका. ऐकलंत? काहीच करू नका!"

हे काम मला जमण्यासारखं होतं.

गुरुवारी सकाळी मोतीला थंडी फारच वाजली आणि तो उबेसाठी टोपलीत शिरायला गेला. तांबडी किंचाळत उडाली, ती परसातल्या फणसावर! मी भात दाखवला, हाका मारल्या, शेवटी हात जोडले. ती मान वाकडी करून दुसरीकडे बघत राहिली. (सुमनही रागावली की अशीच बघते.) इकडे अंडी गार पडायला लागली. मला त्या थंडीतही घाम फुटला.

शेवटी अंडी उचलली, अंथरुणात पोटाशी घेतली, वर दोन गोधड्या ओढल्या आणि पडून राहिलो. (बाकीच्या अडचणी विचारू नका. मनीला माझ्या जागी गोधडीत घालून मी धावत जाऊन येत असे.)

तासाभरानं शेजारच्या भागीकाकू डोकावल्या.

"मास्तर, अजून निजलाव? बरं न्हाय काय?"

आता मास्तरानं 'अंडी उबवतोय' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढे वर्गात पोरं गप्प बसली असती का?

"जरा... पोटाचं," मी पुटपुटलो.

"उठून बसा बरं!"

"उठता येत नाही, काकू."

"मग कूस तरी बदला!"

"तेही नाही!" मी ओरडलोच.

काकूंनी तोंडाला पदर लावला. घरून पेज आणून मला स्वतःच्या हातानं भरवली. दुपारपर्यंत अर्धं गाव येऊन गेलं. कोणी पोट शेकायला निघालं, कोणी चोळायला! त्यात, घरातून हाकललेल्या मोतीनं उंबऱ्याबाहेर बसून गळा काढला. दारात कुत्रं रडतंय म्हटल्यावर काकूंचा धीर सुटला. त्यांनी पालीला निरोप धाडला.

काशीदहून निघताना निरोप होता, 'मास्तर उठत नाहीत.' रेवदंड्याला तो 'मास्तर उठणार नाहीत' असा झाला. पालीला पोचला तो नुसता 'मास्तर...' एवढाच. सांगणाऱ्याला पुढे बोलवेना!

शनिवारी दुपारी सुमन, सासूबाई आणि सासरे दारात हजर. सुमन "अहो!" म्हणत धावली आणि माझ्या अंगावर कोसळणार, तेवढ्यात मी किंचाळलो, "पोटावर नको!"

सासूबाईंनी हंबरडा फोडला. सुमननं गोधडी बाजूला केली.

"चिव," आतून आवाज आला.

सगळे वाकून बघू लागले. माझ्या पोटाशी सहा ओलीकच्च पिल्लं धडपडत होती. तीन अंडी वाया गेली होती. त्यांच्याबद्दल मी पडल्या पडल्याच सुमनची माफी मागितली.

"तीन दिवस असेच पडून राहिलात?" ती म्हणाली. "माझ्या अंड्यांसाठी?" आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली.

सासरे मुळात अबोल. भातशेतीतला माणूस. लग्नाला चार वर्षं झाली, तरी 'बसा' आणि 'जेवा' यापलीकडे माझ्याशी कधी बोलले नव्हते. ते पुढे आले. एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन नीट पाहिलं. मग माझ्या उशाशी बसून गंभीरपणे म्हणाले,

"जावईबापू, पहिलंच ना? मग पालीला यायचं होतं. पहिलं बाळंतपण आम्ही केलं असतं!"

आता खोटं कशाला सांगू? मी चक्क लाजलो!