तिनंच बंद करायचा होता तो बग

सकाळच्या ऑनलाइन मीटिंगला वंदना आली नाही, तेव्हा मी हसत म्हणालो, "बाई अजून रागावूनच आहे वाटतं." अर्ध्या तासानं तिच्या भावाचा फोन आला. "दादा, वंदना गेली... झोपेतच." मी त्याला विचारलं, "कुठे गेली?" खरंच असं विचारलं हो. महिना होत आला, तो माझा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. चौतीस वर्षांचं धडधाकट माणूस असं जातं का?

ती पांढुर्ण्याची, मी सौंसरचा. नागपूरच्या एका लहानशा कंपनीचं काम दोघंही घरूनच करायचो. मी ॲप लिहायचो, ती त्यातल्या चुका शोधायची. बग सापडला की नोंद करण्याआधी तिचा फोन यायचा. "लिहिला की सगळ्याइले दिसते, म्हणून आधी तुले सांगून राहिली. आता चिडून घे, चहा पी, मग पाह्य." आणि तिचा एक हट्ट होता : ज्यानं बग शोधून नोंदवला, त्यानंच दुरुस्ती तपासून तो बंद करायचा. साहेबांनी एकदा परस्पर बंद केला, तर त्यांनाही तिनं सोडलं नव्हतं.

शेवटचा बग माझ्याच ॲपमधला होता. घरच्या माणसाच्या आवाजात म्हाताऱ्यांना गोळीची आठवण करून देणारं ते ॲप. ती आईच्या जुन्या फोनवर तपासायची. बॅटरी संपून फोन बंद पडला की पुढे आठवण वाजतच नाही, असं तिनं लिहिलं. मी वैतागलो होतो. सगळ्यांच्या ग्रुपवर "माझ्याकडे नीट चालते" असं टाकलं आणि बग स्वतःच बंद केला. तिचा फोन आला. "काहून बंद केला रे? कोणाची गोळी चुकली तर?" मी म्हणालो, "तुला नसती कामं काढायची हौसच आहे." "बरं," ती म्हणाली. ते आमचं शेवटचं बोलणं.

मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेलो. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "पोरगी गेली अन् तिचा आवाजही गेला, बाबू. त्या गडबडीत फोन बंद पडला. चार्ज केला, पण गोळीच्या टायमाला आता बोलतच नाही."

मी विचारलं, "मग गोळी?"

"राहूनच जाते."

चार दिवस दुसरं काही केलं नाही. दुरुस्ती करून परत गेलो, त्यांच्या फोनात ती टाकली, बॅटरी संपू दिली, पुन्हा चार्ज केला. वेळ झाली आणि फोनातून वंदना बोलली, "माय, गोळी घेतली का वं?" आई दचकल्या. मग फोनकडेच पाहत म्हणाल्या, "घेऊन राहिली ना, बाई," आणि पाण्याचा गिलास उचलला.

साहेब म्हणतात, आता तो बग बंद करून टाक. मी पुन्हा उघडलाय, तिच्या नावावर ठेवलाय. माझा हात होत नाही.