आमच्या वॉशिंग सेंटरमागच्या टाक्या

इंदापूर-बारामती रस्त्याला आम्हा नवरा-बायकोचं गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर आहे. एका उन्हाळ्यात बोअरचं पाणी आटत चाललं होतं. त्यातच वरकुट्याहून सासरे आले आणि दारातूनच म्हणाले, "हितं माणसांना पाणी न्हाय, आन् तुमी गाड्या धुताय व्हय?"

ते मला फार लागलं. रात्री मी ह्यांना म्हटलं, "धुतलेलं पाणी गटारात सोडायचंच कशाला?"

मग आम्ही मागं तीन टाक्या बांधल्या. पहिलीत चिखल खाली बसतो, दुसरीत तेलाचा तवंग अडतो आणि तिसरीत वाळूतून गाळलेलं पाणी येतं. त्याच पाण्यानं पुढची गाडी धुवायची. बोअरचं पाणी फक्त शेवटच्या हाताला. ट्रॅक्टर आला की आधी त्याचा चिखल कोरडाच खरवडायचा.

पुढच्या उन्हाळ्यात आसपास टँकर फिरू लागले, तरी आमचं काम थांबलं नाही. सासरे पुन्हा आले. तिसऱ्या टाकीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी निरखून पाहिलं आणि शेजारच्या गॅरेजवाल्याला हाक मारली, "हिकडं या राव! आमच्या सुनंचं डोकं बघा!"

त्या दिवशी टाक्या दाखवल्याशिवाय मी एकाही गिऱ्हाइकाला जाऊ दिलं नाही.